पहिला घोट

कोणत्याही बाळंतिणीला स्पर्श करण्यापूर्वी त्या दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून ऊबदार करीत. मग म्हणत, "दुसमाँ, बाय, दुसमाँ." आमच्या बेटावरच्या क्रेओल बोलीतल्या या 'सावकाश'मध्ये त्यांचे अर्धे शास्त्र सामावले होते.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची. ग्रां बुआ गावच्या मराठी घरातल्या त्या बाई आमच्या इस्पितळात सुईण होत्या. मी प्रसूतिकक्षाच्या दाराशी बसणारा कारकून. घरी निघालेल्या प्रत्येक बाईला दूधपावडरीचा डबा देणे, हे माझे काम. त्या तो डबा तिच्या हातून घेऊन परत माझ्या टेबलावर ठेवीत.

"बाबू, तिचे हात तूच भरून टाकलेस, तर पोर कशानं धरील?"

मी हसून घेई. आपणही अशी हट्टी माणसे पाहिली असतील आणि माझ्यासारखेच हसला असाल.

मग माझीच पत्नी तिथे दाखल झाली. मुलगी इवलीशी, दोन दिवस झाले तरी छातीला लागेना. पत्नीला मात्र अंगावरच पाजायचे होते. माझ्या आईने घरच्या रीतीप्रमाणे पहिला पिवळा चीक पिळून टाकायला लावला. दुपारी पत्नीचा डोळा लागला आणि भेदरून मी डबा उघडून मुलीला बाटली पाजली. मुलगी गाढ झोपली. जागी झालेली पत्नी दगडासारखी घट्ट झालेली छाती धरून रडू लागली, "माझंच काहीतरी चुकतंय."

मी डबा पायाने खाटेखाली सरकवला.

बाईंनी मुलीचे तोंड हुंगले. मला दाराबाहेर नेऊन विचारले, "तू पाजलंस?" मी होकारार्थी मान हलवली.

"मग आता चमचा तूच धर."

ड्युटी संपूनही त्या गेल्या नाहीत. गरम फडक्याने शेकून त्यांनी थेंब थेंब दूध माझ्या चमच्यात काढले, मुलीच्या ओठांना लावले, पुन्हा तिला छातीशी नेले. किती वेळा, ते सांगता येणार नाही. ऊन उतरत आले, तेव्हा मुलीने तोंड मोठे उघडले.

"ऐक," बाई पत्नीच्या कानाशी कुजबुजल्या, "गिळतेय."

तो इवलासा आवाज मीही ऐकला. देवळात माझी मान इतकी कधी झुकली नव्हती.

त्यांनी माझी चूक कोणालाच सांगितली नाही, या समजुतीत मी पंचविशीतून पन्नाशीत आलो. गेल्या महिन्यात त्या वारल्या. त्यांना निरोप देऊन ग्रां बुआहून परतताना मी अखेर पत्नीपाशी सारे कबूल केले.

ती बसच्या खिडकीतून उसाकडे पाहत राहिली.

"त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली. "वर म्हणाल्या, त्याला ओरडू नको, बाय. बाप पण नवाच हाय. भ्यालाय."