पाच अक्षरांचा सूड

"पाच अक्षरी इंग्रजी शब्द सांग. आत व्ही पाहिजे, आणि जिव्हारी लागला पाहिजे."

जेवणाचा डबा उघडताना अक्का हे वाक्य म्हणायची. आमच्या टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात ती माल रवाना करायचं काम बघायची. पन्नाशी उलटलेली, घरी तेलुगू, बाहेर फक्कड सोलापुरी मराठी. तिच्या भाकरीवरच्या शेंगाचटणीला हात लावायचा तर आधी एक शब्द द्यावा लागे.

शब्द जायचा पुण्याला, तिच्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या फोनवर. हा खेळ तुमच्याही घरात कुणीतरी खेळत असेल. एकानं पाच अक्षरी शब्द लपवायचा, दुसऱ्यानं सहा प्रयत्नांत ओळखायचा. बरोबर अक्षराचा चौकोन हिरवा होतो. अण्णा रिटायर्ड इंजिनिअर, इंग्रजीचा ताठा मोठा. लहानपणी अक्काच्या इंग्रजीला तो घरभर हसायचा म्हणे.

बहीणभाऊ खेळतात, किती छान, असं मला आधी वाटलं होतं. मग एकदा मी तिचे पाठवलेले शब्द बघितले. चीट. शेम. गिल्ट. ग्रेव्ह.

गोष्ट अशी होती. आई शेवटी अण्णाकडे पुण्यात होती. दुपारी गेली आणि संध्याकाळी त्यानं सगळं उरकलंसुद्धा. अक्काला फोन केला तो नंतर. चार तासांची तर गाडी, पण तिच्या वाट्याला राख आली. का थांबला नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला, तू येऊन रडून गोंधळ घातला असतास.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. रोज सकाळी फक्त तो शब्द जायचा.

"तोंडावर शिव्या घाल की त्याला," मी एकदा म्हटलं.

"मी बोलले तर ती शिवी," ती म्हणाली. "त्यानं आपल्या बोटानं लिहिलं तर कबुली. रोज लिहू दे."

तो लिहायचाही. तिसऱ्या नाहीतर चौथ्या प्रयत्नात हिरवे चौकोन परत यायचे, सोबत एक अक्षर नाही. अक्काचा संताप व्हायचा. मग तिनं त्याच्या खोडी हेरल्या. व्हीकडे तो शेवटी वळतो, एकच अक्षर दोनदा आलं की अडखळतो. सगळं ऑफिस कामाला लागलं. आमच्या साहेबांनी 'नेव्हर' सुचवला, त्यात व्ही होता आणि ई दोनदा. त्या दिवशी साहेबांच्या ताटलीत चटणी जास्त पडली. दुसऱ्याच्या सुडात हात घालायला माणसाला किती गोडी असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि एके दिवशी अण्णा हरला. अक्कानं ऑफिसात शेंगापोळ्या वाटल्या, वर तूप. नंतर तो वारंवार हरायला लागला. ती जत्रेला निघाल्यासारखी नटून यायची. पण एकदा तिलाच शंका आली, म्हणून तिनं 'ब्रेड' पाठवला. पोरंसोरं ओळखतील असा. तोही त्याला आला नाही.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. बाबांना काही आठवत नाही आत्या, घरातली माणसंही ओळखू येत नाहीत.

अक्का रडेल असं आम्हाला वाटलं. ती पेटली. "सुटला. एवढं करून विसरून बसला," असं म्हणत तिनं फोन टेबलावर आपटला. त्याच आठवड्यात राजीनामा दिला. कुठं चाललीस विचारलं तर म्हणाली, "त्याला आठवण करून द्यायला." तिचा चेहरा बघून मला त्या म्हाताऱ्याची काळजी वाटली.

परवा मीच फोन केला. सांगितलंस का त्याला, असं सरळ विचारलं.

"सांगितलं की, पहिल्याच दिवशी. अम्मा मेली, तू जाळलीस, मला तोंड बघू दिलं न्हाईस. आत्ताच कळल्यासारखा रडला बघ. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी परत विचारलं, अम्मा कुटं हाय. परत सांगितलं. परत तसाच रडला. मला एकदाच कळलं होतं रे. त्याला रोजच कळायला लागलं."

तेवढ्यात मागून म्हातारा आवाज आला. तो तेलुगूत काय विचारत होता, ते सोलापुरात राहून मला कळत होतं.

"बाजारला गेलीय अण्णा, येईल," तीही तेलुगूत म्हणाली. "तू जेवून घे."

मग मला मराठीत बजावलं, "माफ केलेलं न्हाई मी त्याला. ऑफिसात सांग सगळ्यांना."

आणि त्याची भाकरी दुधात कुस्करायची होती, म्हणून तिनं फोन ठेवला.