एकच खिळा आणि वैमानिक आजोबा

आमच्या घराण्यात आजवर कुणीही विमान चालवलेलं नाही. तरीही शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दर सर्वपित्रीला एका वैमानिकासाठी खीर-वड्यांचं पान वाढलं जातं, आणि ते माझ्यामुळे.

नव्वदच्या दशकात मला जुन्या वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रं जमवायचा नाद होता. तीही विलायतेहून थेट ऑस्ट्रेलियाकडे उडत निघालेल्या पहिल्यावहिल्या वैमानिकांची! त्यातला माझा लाडका म्हणजे गॉगल, झुपकेदार मिशा आणि विमानाच्या पंखाहून लांब नाक असलेला एक साहेब. (त्या नाकावर चित्रकाराने दमलेला कावळा बसवला होता.) घरमालकाने भिंतीत एकच खिळा मंजूर केला होता, देव्हाऱ्याशेजारी. साहेब तिथे लटकले.

माझ्या धाकट्या बहिणीला, सुलूला, बघायला दुबईहून मंडळी यायची होती. मुलगा आम्हाला पसंत होता, सुलूला तर जरा जास्तच. प्रश्न होता फक्त त्याच्या वडिलांचा. त्या दिवशी बायको आमच्या बाबांचा फोटो पुसायला बसली आणि फोटोचा चंदनाचा हार तिने तेवढ्यापुरता खिळ्यावर अडकवला. (एकच खिळा!) तेवढ्यात बेल वाजली.

मुलाच्या वडिलांनी बूट काढले, हार पाहिला आणि थेट साहेबांपुढे हात जोडले.

“आजोबा का?”

वडीलधाऱ्या माणसाने केलेला नमस्कार परत घ्या, असं कसं म्हणायचं? मी आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं.

“पायलट होते वाटतं. आणि कावळासुद्धा शिवलाय. भाग्यवान माणूस.”

सुलू पदर तोंडात कोंबून आत पळाली. ती लाजली असं त्यांना वाटलं आणि एवढी लाजाळू मुलगी पाहून ते फारच खूश झाले. मग त्यांनी चष्मा लावला आणि ते चित्राजवळ गेले. लग्न मोडलं, असं मी मनाशी धरूनच चाललो. त्यांनी चित्र पाहिलं, सुलूला बाहेर बोलावून तिला नीट पाहिलं, मग मला पाहिलं.

“खलास, ठरलं! आमच्याकडून पसंत,” ते म्हणाले. “साखरपुडा इन्शाल्ला पुढच्या महिन्यात. नाकाची जरा धास्ती होती. पण मुलीत नाही उतरलं, सगळं तुमच्यातच संपलं.”

लग्न झालं. व्याही दर सर्वपित्रीला आमच्याकडे जेवायला येतात, आधी साहेबांना नमस्कार करतात. खरं सांगावं असं मला कितीदा वाटलं. पण मग साहेबांचं नाक चित्रकाराने मुद्दाम फुगवून काढलंय, हे सांगावं लागेल. आणि तुमचं कुणी फुगवलं, असं त्यांनी विचारलं, तर माझ्याकडे उत्तर नाही!