सरांना दिलेले बोंबील
सुक्या बोंबलांचा वास आला की मला इंद्रलोक वसाहतीतला इंग्रजीचा क्लास आठवतो आणि डोकं फिरतं. हंगामातले पहिले बोंबील मानाच्या माणसाला द्यायचे, ही आमच्या पाली गावातल्या कोळी घराची रीत. म्हणून आईने सरांसाठी पुडी बांधून दिली. सर तेव्हा सारख्या वाटणाऱ्या शब्दांतला फरक शिकवत होते. मी दिलेली पुडी दोन बोटांत धरून म्हणाले, “फ्रॅग्रन्स म्हणजे सुगंध, स्मेल म्हणजे नुसता वास, आणि स्टिंक म्हणजे हे!” सगळा क्लास खिदळला. क्लास सुटल्यावर मी विसरलेली बाटली घ्यायला परत गेले, तर सर तीच पुडी गुपचूप बॅगेत कोंबत होते. घरी आईने विचारलं, “आवडले का न्हाय सरांना?” “घेऊन गेले,” एवढंच मी म्हणाले. आज मी फाडफाड इंग्रजी बोलते. पण स्टिंक म्हटलं की माझ्या नाकात बोंबलाचा नाही, त्या माणसाचा वास जातो.