उभ्याउभ्या

पिंपळनेरजवळच्या आमच्या गावात माझ्या शेजारच्या अक्का कुठेही फतकल मारून बसायच्या. रेशनच्या रांगेत, नळावर, एकदा तर लग्नात मंगलाष्टकं चालू असताना. उभं राहिलं की त्यांची छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि बाई आडव्या. गाव म्हणायचं, ढोंग. तीन डॉक्टर म्हणाले, टेन्शन. धुळ्याच्या चौथ्याने आधी झोपवून, मग उभं करून नाडी मोजली. आकडा जवळपास दुप्पट! मीठ वाढवा, पाणी भरपूर प्या, हळूहळू उठा, एवढंच त्याने सांगितलं. तेव्हापासून अक्का ताकात मीठ नव्हे, मिठात ताक घालून प्यायच्या.

पंचायतीत बायकांच्या राखीव जागा आल्या, तेव्हा पुढाऱ्यांना अक्का फारच पसंत पडल्या. बाई घरी पडून राहील, कारभार आपण करू!

"अक्का, यंदा तुमले उभं ऱ्हावानं शे."

"उभी ऱ्हायनू का मी पडस ना, भाऊ."

सगळे खो-खो हसले आणि अर्ज भरून मोकळे झाले.

अक्का निवडून आल्या. मिरवणुकीत त्या ट्रॉलीत खालीच बसल्या होत्या. आम्हाला फक्त गुलालाने माखलेला हात दिसला. पहिल्याच सभेत एका पुढाऱ्याने कोरा ठराव पुढे केला. म्हणाला, "उभ्याउभ्या एक सही करी द्या."

अक्कांनी जमिनीवर ऐसपैस मांडी घातली. "उभ्याउभ्या माले काहीच जमत नही. बठ्ठा जण खाले बसा. आधी लिखा, मंग वाचा."

पांढरे कडक लेंगे धुळीत बसले.

संध्याकाळी ओट्यावर ताक ढवळत अक्का मला म्हणाल्या, "मास्तर, पहिली खेप उभी ऱ्हायनू नि पडनू नही."