कानपिळीचा हात

सोलापुरात डोंगर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं वेडेपण त्यातूनच आलं. गावात उंच म्हणजे मिलचं धुराडं, आणि त्यावर चढायला बंदी. माझ्या थोरल्या भावाला हिमालय चढायचा होता, म्हणून तो विहिरीत उतरायचा. होटगीच्या रस्त्याला एक जुनी दगडी विहीर होती. उन्हाळ्यात तळाला गुडघाभर पाणी आणि वर सगळी कोरडी भिंत. रविवारी दुपारी तो दगडांच्या फटींत बोटं खुपसत खाली जायचा आणि तसाच वर यायचा. मी काठावर बसून त्याच्या चपला सांभाळायची. वर आला की त्याच्या बोटांची टोकं सोललेली असायची. ती माझ्या नाकासमोर नाचवत तो म्हणायचा, "येडे, ह्याच बोटांनी तुझ्या नवऱ्याचा कान पिळणार हाय मी. बोंबलत पळंल बघ मांडवातनं."

लग्नात नवरीच्या भावानं नवऱ्यामुलाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून तंबी द्यायची, आणि नवऱ्यानं पोशाख देऊन कान सोडवून घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. मला सख्खा भाऊ तो एकच. कान पिळायचा मान त्याचा, हे मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ठरलेलं होतं.

वेड लागलं ते एका कॉलेजच्या सभागृहात. हिमालयातून परतलेले कुणी पाहुणे पडद्यावर चित्रं दाखवणार होते. भाऊ मलाही घेऊन गेला. बाहेर मे महिना, आत पंखे बंद, आणि पडद्यावर नुसतं पांढरं. मला ते चुना फासलेल्या भिंतीसारखं दिसलं. पाहुण्यांनी सांगितलं की त्यांच्यातले दोघं वरच राहिले, सापडलेही नाहीत. मी भावाकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं, मानेवरून घाम गळत होता, आणि मेलेल्या माणसांचं ऐकून त्याच्या डोळ्यांतली चमक वाढली होती. ते मला तेव्हाच खटकलं. मरणाची गोष्ट ऐकून ज्याला भूक लागते, त्याला घरातल्यांनी अडवायचं तरी कसं?

तो मिलमध्ये विणकर होता. चालत्या मागावर तुटलेला धागा तो अशा झपाट्यानं जोडायचा की वडीलही थांबून बघायचे, आणि वडील त्याच खात्यात जॉबर, म्हणजे विणकरांवरचे मुकादम, होते. तोंडावर कौतुक करणारे ते नव्हेत. पाळी सुटली की हा स्टेशनजवळच्या बर्फाच्या कारखान्यात जायचा आणि भुसा झटकून लादीवर अनवाणी उभा राहायचा. तिथले हमाल हसून बेजार व्हायचे. एकानं घरी येऊन आईला सांगितलं, तुमच्या पोराला उन्हाळी लागलीय. आईनं महिनाभर त्याला सब्जा पाजला.

पुण्याच्या एका मंडळानं त्याला आधी उत्तरेत शिकायला पाठवलं, मग मोहिमेत घेतलं. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. सामानाच्या यादीत हातमोजे होते. लोकरीचे मंडळ देणार होतं, पण मला चैन पडेना. आमचं गावच सुतावर जगलेलं. थंडी म्हटलं की आम्हाला चादर सुचते, ऊन म्हटलं की पंचा, जखम म्हटलं की चिंधी. सुतानं भागत नाही असं जगात काही असतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मी मिलच्या सुताचे हातमोजे क्रोशानं विणले. त्याचं एकेक बोट दोऱ्यानं मोजलं, दहा बोटांचे दहा दोरे, प्रत्येकाला वेगळी गाठ. मनगटाला तांबडी कड काढली. आईनं शेजारणींना बोलावून ते दाखवले. शेजारणी म्हणाल्या, लोकरीपेक्षा हेच बरे, टोचायचे तरी नाहीत. भावानं ते घालून मूठ उघडझाप करून पाहिली आणि म्हणाला, लोकरीच्या आतनं हेच घालीन.

दोन महिन्यांनी तो आला तेव्हा हातांना पट्ट्या होत्या. उजव्या हाताचा अंगठा शाबूत, बाकीची चार बोटं मधल्या पेरापासून नव्हती. डाव्या हाताची दोन टोकं गेली होती. थंडीनं काळी पडली, डॉक्टरनं कापली, एवढंच त्यानं सांगितलं. शिखर थोडक्यात राहिलं होतं, आणि बोटांपेक्षा त्याला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. आई ऊर बडवून घेत होती आणि हा वडलांना सांगत होता की अजून दोन तास उजेड असता तर जमलं असतं. वडलांनी उठून त्याच्या थोबाडीत मारली. मला ते बरं वाटलं.

पट्ट्या निघाल्या आणि खरा त्रास सुरू झाला. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात बसलेल्या माणसाला थंडीनं बोटं जातात हे कोण पटवणार? बोटं झडणं म्हणजे आमच्याकडे एकच रोग. महारोग हा शब्द चाळीत मोठ्यानं कुणी उच्चारला नाही, पण कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्याचा कप वेगळा झाला. न्हाव्यानं वस्तरा बोथट असल्याचं सांगितलं, ते तो रोज सांगू लागला. मिलमध्ये धागा जोडता येईना म्हणून त्याला काढलं, पण त्याच्या आधीच पाण्याच्या माठाजवळ त्याला कुणी येऊ देत नव्हतं. खरोखर तो रोग झालेल्यांशी आम्ही याहून वाईट वागत होतो, ते वेगळंच. घरात आईनं त्याच्या ताटाला खालून खूण केली. रडत रडत केली, पण केली. मी त्याचा टॉवेल दुसऱ्या तारेवर वाळत घालायला लागले. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

तरी संध्याकाळी पायरीवर बसून मी त्यालाच विचारायची, वर कसं वाटतं ते पुन्हा सांग. तो सांगायचा. एक पाऊल टाकायचं आणि चार वेळा श्वास घ्यायचा. डोकं इतकं रिकामं होतं की आपलं नावही जड वाटतं. खाली ढग, आणि ढगांच्या वर आपण. पायाखालचा बर्फ कधी कधी आतून ठक्क वाजतो, मग सगळे जागच्या जागी थांबतात, आणि त्या थांबण्याइतकं गोड त्याला आयुष्यात काही मिळालं नव्हतं. माझ्या अंगावर काटा यायचा. मी त्याच्यावर चिडलेली असायची आणि तरी उठून जात नव्हते.

माझी दोन स्थळं मोडली. दुसऱ्या मुलाच्या मामानं डॉक्टरचा दाखला उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "सोलापुरात थंडीनं बोटं गेली व्हय? मग आमच्याकडं उन्हानं मुंडकी जायला पायजेत की." सगळे हसले. भाऊही हसला, आणि मी आत पोह्यांच्या बश्या धरून त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

तिसरं स्थळ दुधनीचं, कापडाचं दुकान असलेलं. या वेळी वडलांनी शहाणपणा केला. भावाला पंधरा दिवस जेऊरला आत्याकडे धाडलं आणि पाहुण्यांना सांगितलं की मुलाचा हात मिलच्या मशीनमध्ये गेला. गिरणगावात याला मान असतो. मशीननं खाल्लेल्या हाताचं कुणाला वाईट वाटत नाही, उलट बसायला पाट मिळतो. पाहुण्यांनी हळहळ केली आणि लग्न ठरलं. भाऊ परत आला तेव्हा वडलांनी त्याला ही थाप पाठ करायला लावली. कुठला माग, कुठली पाळी, सगळं. त्यानं ती मुकाट्यानं पाठ केली. मला एवढंच म्हणाला, "कान मातर मीच पिळणार."

लग्न चाळीच्या अंगणात, भर मेमध्ये. त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या वडलांनी लावल्या होत्या. हात त्यानं सकाळपासून उपरण्याखाली ठेवले होते. पण मांडवात चाळ बसलेली होती, आणि चाळीला तोंड होतं. जेवणाची पहिली पंगत उठेपर्यंत दुधनीच्या बायकांना थंडीची हकिगत कळली, तिच्या मागोमाग महारोगाचीही कळली. खोटं सांगितलं म्हटल्यावर जे लपवलं तेच खरं, असं कुणालाही वाटणारच.

भटजींनी नवरीच्या भावाला हाक मारली. तो आला, नवऱ्यामुलाच्या मागे गुडघे टेकून बसला आणि त्यानं डाव्या हातानं उपरणं सारून उजवा हात बाहेर काढला. अंगठा आणि त्याच्यासमोर चार खुंट. माझ्या सासूनं मुलाचा खांदा धरून त्याला मागे ओढलं. "ब्याड, ब्याड," ती म्हणाली. नको हे कानडीत कसं म्हणतात ते सगळ्या मांडवाला त्या दिवशी कळलं. मग मराठीत म्हणाली, "दोन्ही हात कुठल्या मशीनमंदी गेले वो? नको तो हात माझ्या पोराला."

वाजंत्री थांबली. भटजींनी वडलांकडे पाहिलं, वडलांनी मान खाली घातली. भावाचा हात तसाच वर होता. नवरामुलगा वाईट नव्हता. त्यानं माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

इथं मी पन्नास वर्षं अडकलेली आहे. मी नुसतं, पिळू दे, म्हटलं असतं तर त्यानं कान पुढे केला असता, असं मला पुढं संसार करताना कळलं. तो त्या जातीचा माणूस होता. पण तेव्हा मला तार दिसली, दुसऱ्या तारेवरचा टॉवेल दिसला, आणि मोडलेली दोन स्थळं दिसली.

मी म्हणाले, "दादा, तू ऱ्हाऊ दे. चुलतभाऊ पिळंल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं, म्हणजे त्याच्या ओठापर्यंत आलं होतं. मग तो "बरं" म्हणाला आणि हात उपरण्यात घेतला. चुलतभावानं कान पिळला, पोशाख घेतला, आणि रीतीप्रमाणे सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर तो मला पोचवायला आला. मी विचारलं, रागावलास का. नाही म्हणाला. पुण्याला जातो, मंडळ पुन्हा निघालंय, असं सांगितलं. मी वैतागले. आता तिथं काय ठेवलंय तुझं, आहेत ती बोटंही घालवायचीत का, असं बरंच बोलले, कारण कालच्या गोष्टीपेक्षा ते बोलणं सोपं होतं.

"तितं समद्यांचे हात मोज्यात असत्यात," तो म्हणाला. "कुणी कुणाच्या बोटांकडं बघत न्हाय."

गाडी सुटली. मी खिडकीतून हात केला. त्यानं केला नाही.

पुढच्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते, तेव्हा तार आली. दोन ओळी. आठवड्यानं पुण्याच्या मंडळातला एक तरुण घरी आला, कसं झालं ते सांगायला. तो दोन्ही मोहिमांत भावाबरोबर होता. वडील बाहेर गेले होते. मी त्याला खुर्ची दिली, चहा केला. तो नीट, सावकाश बोलत होता. भावाला तळावरचं सामान सांभाळायला घेतलं होतं, वर यायचं नाही असं बजावून. पण तो ओझं घेऊन वर निघाला, आणि कुणी त्याला परत पाठवलं नाही, कारण त्याच्याइतकं ओझं कुणी उचलत नव्हतं. बर्फाच्या उतारावर पाय सरकला. अशा वेळी हातातली कुऱ्हाड बर्फात रोवून दोन्ही हातांनी घट्ट धरायची असते. त्यानं ती रोवली, अगदी शिकवल्यासारखी.

"कुऱ्हाड तिथंच राहिली," तो म्हणाला. "त्याला धरता आली नाही."

चहा निवत होता. बोलता बोलता त्याला राग आला. म्हणाला, खरं तर पहिल्या वेळी बोटं जायलाच नको होती. बाकी कुणाची गेली नाहीत. याच्या लोकरी मोज्यांच्या आत सुती मोजे होते. सूत घाम धरून ठेवतं, आणि वर थांबलं की तोच घाम बोटांभोवती गोठतो. इस्पितळात डॉक्टरनं ते ओले मोजे कात्रीनं कापून काढले आणि त्याच्या तोंडावर सांगितलं, यांनी तुझी बोटं खाल्ली. हा नुसता हसला. कुणी दिले म्हणून विचारलं, तर म्हणाला, बाजारातून घेतले.

म्हणजे मांडवात हात वर करून बसला होता तेव्हा त्याला ठाऊक होतं. गुंड्या लावून घेताना, थाप पाठ करताना, पायरीवर मला ढगांचं सांगताना, सगळा वेळ त्याला ठाऊक होतं.

"एवढा हुशार मुलगा," पुण्याचा तरुण म्हणाला. "त्याला असले मोजे देणारा कोण गाढव भेटला असेल? तुम्हाला काही कल्पना?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"न्हाय," मी म्हणाले, आणि त्याला आणखी चहा हवा का विचारलं. तो अर्धा कप म्हणाला. मी आत जाऊन अर्धा कप गाळला.