काकवीचं बोट

ओतूरच्या रस्त्याला गुऱ्हाळ पेटलं, की उकळत्या रसाच्या वासासरशी मला लेकीची ती सकाळ आठवते. तिला डाऊन सिंड्रोम. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मेंदू या पहिल्या वर्षांतच झपाट्यानं घडतो, वाट बघत बसू नका. ओठांच्या कोपऱ्यांना रोज काहीतरी गोड लावा, ते चाटायला जीभ वळेल, जिभेत ताकद येईल. आमच्या घरात गोड म्हणजे काकवी. मी आरशासमोर बसून तिच्या ओठांना काकवी लावायची, "आई म्हण, आई" म्हणून घोकायची, आणि ती मुकाट चाटायची. शब्द काही फुटेना. शेजारणी म्हणायच्या, "तिला काय कळतंय? कशाला छळती पोरीला?" त्या सकाळी मी बोट पुढं केलं, तर तिनं तोंड फिरवलं, माझा हात ढकलला आणि म्हणाली, "नाय." मला भास वाटला. मी परत बोट धरलं. "नाय!" सासूबाई भाकरी तव्यावर तशीच सोडून धावत आल्या. "काय म्हणली गं? परत इचार." परत विचारलं, परत "नाय". सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "माझ्यावानीच बोलती की गं!" त्या दिवशी करपलेली भाकरी आम्ही हसत हसत खाल्ली. लेक आता मोठी झाली आहे. लोक म्हणतात, लई हट्टी आहे. असू दे. मी अजूनही कधीतरी काकवीचं बोट मुद्दाम तिच्यापुढं धरते, नुसतं तिचं "नाय" ऐकायला.