वर्तुळातली खाच

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, खरं तर आजही नाही... पण सुधीरबद्दल जे खोटं माझ्यामुळे राहून गेलं, ते आता खोडायला हवं.

तेव्हा मी दिल्लीत एका सरकारी खात्यात रेडिओ इंजिनिअर होतो. सुधीर करंदीकर माझ्या हाताखाली. सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये आमचा शेजारीही, म्हणून ऑफिसातसुद्धा मला ‘नाना’च म्हणायचा. कॉम्प्युटरवर अँटेना तपासायचं सॉफ्टवेअर नुकतंच आलं होतं. तारेची मापं भरायची, की सिग्नल कुठल्या दिशेला किती जाईल याचं चित्र ते काढून द्यायचं. ऑफिसच्या गच्चीवर एक साधी अँटेना लागायची होती, तिचं मॉडेल त्यात करायचं काम सुधीरकडे होतं. एकच उभी तार. वरून पाहिलं तर चित्र गोल यायलाच हवं.

सुधीरच्या वर्तुळाला एका बाजूला खाच होती. पोळीचा घास तोडावा तशी.

“नाना, जरा बघता का? मापं पुन्हा पुन्हा तपासली. तिकडे काहीतरी उभं आहे असं दाखवतंय.”

ती बाजू शेजारच्या इमारतीची. तिची गच्ची तर रिकामी. मी त्याच्या खुर्चीत बसून तीच फाइल चालवली – स्वच्छ वर्तुळ. पुन्हा तो बसला – खाच.

सगळं सेक्शन बघत होतं. त्यानं मराठीत विचारलं होतं, मी मुद्दाम हिंदीत उत्तर दिलं.

“करंदीकर, तार पे भूत बिठा दिया क्या?”

“सर, भूत की भी फाइल खोल दें?” मागून कोणीतरी म्हणालं.

सुधीरही कसनुसा हसला. मग हळूच म्हणाला, “असू द्या नाना. पण अँटेनाची जागा तेवढी बदला.”

जागा बदलायची म्हणजे सगळ्या मंजुऱ्या पुन्हा घ्यायच्या. मला कंटाळा आला होता. काम अडवायला त्यानं चित्रात फेरफार केलाय, असं मी वर कळवलं. त्याला दूरच्या स्टोअर्समध्ये टाकलं. रिटायर होईपर्यंत तो तिथेच सामान मोजत राहिला.

अँटेना लागली. काही महिन्यांनी शेजारच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीसाठी उंच लोखंडी स्टँड उभा राहिला. त्या बाजूला सिग्नल कमी पडतो अशी तक्रार आली. मी स्वतः मोजमापं घेऊन चित्र काढलं – तीच खाच, त्याच जागी. चौकशी केली तर सुधीरनं मॉडेल केलं तेव्हा टाकीचा विचारही कोणाच्या डोक्यात नव्हता. रिपोर्टात मी टाकी लिहिली. सुधीरचं नाव लिहिलं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी तो हिंदूराव हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असल्याचं कळलं. नोएडाच्या नव्या घरून मेट्रोनं गेलो, वाटभर एक वाक्य जुळवत. त्याची बायको चहा आणायला गेली, तसा तो म्हणाला, “नाना, तिकडे शेवटी काय उभं राहिलं हो?”

“काही नाही रे,” मी म्हणालो. “तू आराम कर.”

“अच्छा... मग माझंच चुकलं असेल.” तो भिंतीकडे वळला.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. एका फाइलची दोन चित्रं कशी आली, मला आजही सांगता येत नाही. वाटेत जुळवलेलं वाक्य मात्र अजून पाठ आहे – सुधीर, टाकी उभी राहिली रे. तुझं बरोबर होतं. मला माफ कर.